चंचीत पेन घेऊन येळवशीला

त्या दिवशी कोपीपाशी कोण कोण व्हतं ते आधी सांगते, म्हंजी मागनं कुणी म्हणायला नको की आमचं नाव ऱ्हायलं. माझा थोरला भाऊ आण्णा. त्याची बायको गोदावैनी. धाकटा भाऊ दिगू, त्याची बायको कौसा. दिगूचा लेक बाळू, ट्रॅक्टर त्याचा. माझी नात ओवी, दुसरीत हाय. आन मी, चंपाबाई. चुन्यानं रंगवलेले पाच पांडव बी व्हते. ते दगडाचे, पर त्येंचं बी काम पडलं, म्हणून त्येंची बी हजेरी लावते.

मी चौथीपत्तुर शाळा शिकले. त्याच्या म्होरं जोंधळ्यानं शिकवलं. बोलते तसंच लिवायलेय.

धाराशिव

येळवस ज्येनी बगितली न्हाय त्येंच्यासाठी सांगते. मार्गशीर्षातली अवस म्हंजी येळवस. त्या दिवशी आमच्या भागात गाव मोकळं आन शिवार भरलेलं असतं. कडब्याची कोप, म्हंजी खोपी, करायची, आत पांडव मांडायचे, पूजा करायची, आन मंग खायाचं. भज्जी म्हंजी हिरव्या भाज्यांचं बेसनातलं कालवण, ताकाची आंबवलेली आंबील, बाजरीचे उंडे, खीर. एका रानात खाऊन दुसऱ्या रानात जायाचं, तिथं बी खायाचं. नको म्हणायचं न्हाय. नको मनलं की माणसं वर्षभर ध्यानात ठिवत्यात.

आमच्या ओवीला शेंगदाणा चालत न्हाय. चालत न्हाय म्हंजी आवडत न्हाय असं न्हाय. एवढासा पोटात गेला तर तिचं तोंड सुजतं, अंगावर गांदी उठत्यात, श्वास अडतो. बारकी असताना एका बारशाच्या लाडवानं तिला दवाखान्यात नेलं व्हतं. तवापासनं घरात शेंगदाण्याचं कूट बंद. मराठवाड्यातल्या बाईनं कुटाबिगर सैपाक करायचा म्हंजी काय असतं ते बायांनाच कळंल. सुरुवातीला माझा हात कालवणावर जाऊन मोकळाच माघारी यायचा.

लेकानं परदेशातल्या दोस्ताकडनं दोन पेनं मागवली. पेन म्हंजी लिवायचं न्हवं, इंजेक्शनचं. मांडीला दाबलं की सुई आपसूक भायेर येती आन औषध आत जातं. आपल्याकडं सहजी मिळत न्हाय म्हणत्यात. संगं एक खोटं पेन बी आलं, बिनसुईचं, शिकायला.

सून माधुरी बाळंतीण व्हती. लेक तिच्यापाशी. आन ओवीनं हट्ट धरला की आज्जीच्या माहेरी येळवशीला जायाचंच. माधुरी मनली, "आई, तुमी पेन मारू शकाल का?"

म्या मनलं, "खडी फोडलीय, विहिरीचा गाळ काढलाय. पेनाचं काय एवढं."

पर मला टोचणी बगवत न्हाय. बाळाला डोस द्यायला नर्सबाई आल्या की मी भायेर जाऊन उभी ऱ्हाते.

माधुरीनं वांगं आणलं. "मांडी समजून मारा."

"एवढी बारकी मांडी कुणाची असती?"

मंग तिनं भोपळा आणला. भोपळ्याला म्या खोटं पेन मारमारून शिकले. वरचं झाकण काढायचं. पेन मुठीत धरायचं, टोकावर आंगठा ठिवायचा न्हाय. मांडीच्या भायेरल्या अंगाला, मधोमध, दाबायचं. टक वाजतं. वाजलं तरी हात हलवायचा न्हाय, दाबून धरायचं. माधुरी आकडे मोजायली, तर माझे आकडे घाईनं पळायले. म्या मनलं, मी पांडव मोजते. धर्म, भीम, अर्जुन, नकुल, सहदेव. दमानं मनलं की बरूबर व्हतं.

"कपडा काढत बसू नका," माधुरी मनली. "वरनंच चालतं. आन नुसती थोडी गांदी आली तर मला फोन करा, आपण बगू. पर खोकला आला, आवाज बसला, दम लागला, पोरगी गळून पडायली, न्हायतर गांदी आन उलटी संगंच आली, तर कुणाला इचारायचं न्हाय. आधी पेन. मंग फोन. मंग दवाखाना. बरी दिसली तरी दवाखाना."

"आन चुकून गरज नसताना दिलं तर?"

"तर काळीज धडधडंल, हात थरथरत्याल, थोड्या येळानं थांबंल. उगं दिलं म्हणून पस्तावलं तरी चालंल, आई. दिलं न्हाय म्हणून पस्तावू नका."

पेनं ठिवायची कुठं? ऊन लागू द्यायचं न्हाय, फ्रिजात बी न्हाय, आन पोरीपासनं लांब तर अजिबात न्हाय. माझ्या कमरंला चंची असती, पानसुपारीची. म्या पानं, कात, चुन्याची डबी समदं पिशवीत टाकलं आन चंचीच्या एका कप्प्यात दोन खरी पेनं आन दुसऱ्या कप्प्यात खोटं ठिवलं. खोट्याला काळा दोरा बांधला. इतक्या वर्षांत माझी चंची पयल्यांदाच लेकरासाठी मोकळी झाली.

एस.टी.

तुळजापूर गेलं, नळदुर्ग गेलं. ओवी खिडकीपाशी. हिवाळ्याचं ऊन, दोन्ही अंगाला जोंधळा, मधीच करडई. नळदुर्गाला एक बाई चढली, टोपलं घेऊन. बसली आन लगेच कागदाची पुडी सोडून ओवीच्या म्होरं धरली. भाजलेल्या शेंगा.

ओवी पाठ केल्यावानी मनली, "मला शेंगदाणे चालत नाहीत. तुम्ही खा, पण खाऊन मला हात लावू नका."

बाईनं माझ्याकडं बगितलं. "शेंगदाणा चालत न्हाय? मंग लेकरू जगतंय कशावर?"

"बाकी समद्यावर," म्या मनलं.

"शेंगदाण्याबिगर बाकी समदं हायच किती, माय?" बाई खरंच काळजीत पडली. तिनं पुडी बांधून टोपल्याच्या तळाला घातली, पदराला हात पुसले आन मनली, "मला पान तरी द्या."

म्या सवयीनं चंची उघडली. आतली पेनं बगून बाई मागं सरकली. "हे कसलं पान?"

म्या खोटं पेन काढून समदं सांगितलं. कंडक्टर बी ऐकत उभा ऱ्हायला. बाईनं तेच पेन घेऊन कंडक्टरच्या मांडीला लावलं. टक. कंडक्टर असा उडाला की त्याच्या पिशवीतली चिल्लर समद्या गाडीत सांडली. जळकोटपत्तुर समदी गाडी चिल्लर येचायली. ओवी हसून हसून खिडकीला डोकं टेकून बसली.

आमच्या धाराशिवात आता पाव्हण्याला इचारून वाढत्यात, साखर चालती का, तिखट चालतं का. माझ्या माहेरी असं इचारलं तर पाव्हणा रागावतो. त्याला वाटतं, ह्येंना वाढायचं न्हाय म्हणून इचारायल्यात. हे माझ्या ध्यानात व्हतं. म्हणून फाट्यावर उतरल्या उतरल्या म्या दिगूला आन कौसाला सांगितलं, शेंगदाणा म्हंजी ह्या पोरीचं मरण हाय, असंच समजा. गोडीत सांगितलं न्हाय.

कौसा शहाणी. तिनं ओवीसाठी कोरं पातेलं काढलं, पळी निराळी केली, आन सकाळी समद्यात आधी, हात धुऊन, तिची भज्जी शिजवली. तुरीचे दाणे, हरभऱ्याचे घाटे, वाटाणा, पालक, चिच्चा, बेसन. शेंगदाणा न्हाय. मंग आपली मोठी भज्जी चढवली, त्यात वंजळभर शेंगदाणे.

शिवार

बाळूच्या ट्रॉलीत कडबा अंथरून त्याच्यावर आमी बाया, मधी आंबिलीचा डेरा. बांधाबांधानं ट्रॅक्टर चालला. डेरा हिंदकळला की आंबील कौसाच्या मांडीवर, आन कौसा बाळूला शिव्या घालायची. रानात गेलो तर चारी बाजूनं आरोळ्या. ह्या रानातनं त्या रानात हाका, अर्ध्या कानडी अर्ध्या मराठी. चिंचंला झोका बांधलेला. पोरं पतंग घेऊन पळायलेली. आंबील प्यालेले बाप्ये सकाळीच बांधावर आडवे.

पूजा झाली. आन मंग आमच्या घराची रीत झाली, ती सांगाया पायजे.

आण्णाची आन दिगूची वाटणी झाली तवा आमचा बाप जित्ता व्हता. रानाच्या मधी बांध पडला, चुली निराळ्या झाल्या. बाप मनला, बांध पडू द्या, पर येळवशीची भज्जी येकच ऱ्हायला पायजे. तवापासनं थोरल्याच्या पातेल्यातली येक पळी धाकट्याच्या पातेल्यात पडती, धाकट्याची थोरल्याच्या. मंगच पयला घास. येका वर्षी दोघं भाऊ बोलत नव्हते, तरी पळी पडली. न बोलता पडली, पर पडली.

आण्णा पळी घेऊन आला, मोठ्या पातेल्यात घातली. ओवीच्या पातेल्यावर म्या ताट झाकून ठिवलेलं. आण्णाला सांगितलं, ह्यात न्हाय. आण्णानं मान हलवली. गोदावैनी तवा तिच्या कोपीत पाव्हण्यांना वाढायली व्हती. तिला सांगायचं ऱ्हायलं.

ओवीनं उंडा खाल्ला, खीर खाल्ली, आन झोक्याकडं पळाली. मी तिच्या मागं. मला बी झोक्यावर बसवलं पोरींनी. ह्या वयात. कौसा मागनं ढकलायली आन मनायली, "आक्का, धरून बसा, न्हायतर उमरग्याला पडताल." हवेत गेल्यावर पाय रानाच्या वर दिसायले. मी लई हसले. आंबील बी चढली असंल.

तेवढ्यात गोदावैनी आली. अंगानं भरलेली, चालली की जोंधळा हलतो. तिनं कोपीपाशी ओवीचं बारकं पातेलं बगितलं, ताट उचललं, आन तिला वाईट वाटलं. समद्यांच्या भज्जीत पळी पडली, आन नणंदंच्या नातीचं भांडं तेवढं कोरडं. तिनं आपली पळी त्यात घातली, ताट झाकलं. जीवापासनं घातली. मला हे मागनं कळलं.

ओवी झोक्यावरनं उतरली, मनली भूक लागली. आमी दोघी कोपीत बसलो. म्या तिला तिच्या पातेल्यातली भज्जी वाढली, भाकर दिली. दोन-चार घास खाल्ले असत्याल.

"आज्जी, माझी जीभ खाजायलीय."

म्या वाटीत बगितलं. हिरव्या भज्जीत येक गोरा गुबगुबीत दाणा, दोन फाका झालेला. वाटाणा न्हवता.

वाटी म्या भिरकावली. तिला चूळ भरायला लावली. तेवढ्यात तिच्या गळ्यावर गांदी उठायली, ओठ फुगायला. मंग खोकली. येकदा, मंग सारखीच. कुत्र्याच्या पिलासारखा आवाज यायला.

समदे गोळा झाले. आन समद्यांना येकदमच उपाय सुचायले.

आण्णा मनला, "दिष्ट लागलीय, मीठमोहऱ्या उतरा."

दिगू मनला, "लिंबू पाजा."

कौसा मनली, "आक्का, घोटभर आंबील. थंड पडंल."

ओवीनं भडाभडा उलटी केली. गोदावैनी तिची पाठ चोळायली, "मोकळं झालं बगा. पडलं भायेर. आता बरं वाटंल."

मला बी क्षणभर तसंच वाटलं. खरं सांगते, मला तसंच वाटायला पायजे व्हतं. कारण चंची कमरंला व्हती आन हात तिच्याकडं जायना. पर गांदी व्हती, उलटी व्हती, खोकला व्हता. माधुरीनं सांगितलेलं समदंच आलं व्हतं. माझी येक लेक अशीच माझ्या मांडीवर गेली, लई वर्षं झाली. तवा माझ्या हातात काय बी नव्हतं. आता व्हतं.

म्या चंची सोडली. काळ्या दोऱ्याचं बाजूला सारलं. खरं काढलं.

"वैनी, तिला आडवी करा. पाय धरा, हलू देऊ नका."

"चंपे, तू टोचणार? डाक्टरला तरी इचार," आण्णा मनला.

"आण्णा, बाजूला व्हा."

उभ्या जन्मात थोरल्या भावाला असं बोलले नव्हते. आण्णा बाजूला झाला.

ओवीच्या अंगावर नवी लेगीज व्हती. वरनंच, मांडीच्या भायेरल्या अंगाला दाबलं. टक वाजलं. पोरगी ताठली. म्या दाबून धरलं, आन तोंडानं मोठ्यानं, धर्म. भीम. अर्जुन. नकुल. सहदेव. कौसा मागनं मनायली, तिला वाटलं मी पांडवांना साकडं घालायलेय. मंग दिगू बी मनायला. समदेच मनायले. सहदेव झाल्यावर पेन काढलं, तर समदे आणखी येकदा धर्मापासनं.

डांबरी

फोन दिगूनं लावला. सरकारी अँब्युलन्सवाले मनले, निघालो, तुमी डांबरीपत्तुर आणा. बाळूनं ट्रॅक्टर चालू केला. ओवीला ट्रॉलीत कडब्यावर निजवली, चालू दिली न्हाय, उचलूनच नेली. पाय उंच ठिवायचे असत्यात. तर गोदावैनी आडवी बसली आन ओवीचे पाय आपल्या मांडीवर घेतले. एवढी उंच आन मऊ मांडी साऱ्या शिवारात दुसरी नव्हती. माझ्या हातात दुसरं पेन. थोड्या येळात उतार पडला न्हाय तर तेबी द्यायचं, माधुरी माझ्या फोनवर सांगायली. तिचा शब्द येकबी चुकला न्हाय.

मी ओवीच्या छातीवर कान ठिवून. धडधड धडधड, मोटारीवानी. तिचे हात थरथरायलेले. तोंड पांढरं.

"माधुरे, काळीज लई पळायलंय."

"ते औषधानं, आई. खोकला कसाय?"

म्या ऐकलं. ट्रॅक्टरचा आवाज, पाटाचं पाणी, लांबनं पोरांच्या आरोळ्या. खोकला ऐकू आला न्हाय. पोरीनं डोळे उघडले. आवाज घोगरा, पर आवाज व्हता.

"आज्जी, आंबील सांडायलीय."

बगितलं तर खरंच. घाईत आंबिलीचा डेरा ट्रॉलीतनं उतरवायचाच ऱ्हायलेला, आन तो हिंदकळून गोदावैनीच्या पाठीवर धार धरलेली. वैनी भिजून चिंब, पर पोरीचे पाय खाली पडत्याल म्हणून जागची हलली न्हाय. ती रडायली व्हती आन आंबिलीचा वास सुटलेला.

मला हसू आलं. कसं आलं कुणास ठाऊक. पोटातनं आलं आन थांबंना. ओवी बी हसायली, मंग गोदावैनी बी, रडत रडत. डांबरीवर अँब्युलन्सवाला उभा, त्याला वाटलं कुणाला काय झालंय, ह्या तर हसायल्यात. त्यानं नाकाला मशीन लावली, बोटाला चिमटा लावला, आन मग मला इचारलं, "पेशंट कोणती?"

गोदावैनी ओल्या लुगड्यानं ट्रॉलीतच ऱ्हायली. मी ओवीसंगं आत बसले. वैनी खालनं मनली, "चंपाबाई, म्या पळी घातली. म्या घातली."

"कळलं. मागनं या," म्या मनलं. "आन डेरा सांभाळून आणा."

उमरगा

येळवशीला उमरगा बगावं. हायवेवर ट्रक चालू, पर बाजार असा बंद की कुत्रं बी सावलीला न्हाय. समदं गाव रानात. मला धाकधूक, डॉक्टर बी रानातच असंल.

डॉक्टर व्हते. तरणे, टेबलावर डबा उघडलेला, बोटं हिरवी. कुणीतरी भज्जी पाठवलेली. त्येनी हात धुतले, मंग साबणानं परत धुतले, नाकाला लावून वास बगितला, आन तिसऱ्यांदा धुतले. तवा माझा त्येंच्यावर इस्वास बसला.

ओवीची छाती तपासली, ओठ बगितले, रक्तदाब घेतला. "इंजेक्शन कुणी दिलं?"

"म्या."

"कुठं?"

"दिगूच्या रानात."

सिस्टर हसायली. डॉक्टर मनले, "तसं न्हाय आजी, अंगावर कुठं?"

म्या मांडी दावली. ते मनले, "बरूबर. आन येळेवर. आता इथंच ठिवू, दिवस मावळंपत्तुर तरी. बरी दिसली म्हणून नेऊ नका. औषधाचा जोर उतरला की काही लेकरांना परत येतं. दुसरं पेन हाताशी ठिवा, आन आमच्याकडं बी औषध हाय."

मंग मी खाली बसले. 

पर ओवीची कथाच निराळी. औषधानं की कशानं, तिची बडबड थांबंना. सिस्टरला झोका सांगितला, बसमधली चिल्लर सांगितली. "मी मरणार होते का आज्जी?" मधीच इचारलं.

"न्हाय," म्या मनलं. "माझ्या हातात पेन व्हतं."

"मग ठीक," मनली, आन पतंगाचं सांगायली.

दुपार कलली तसा दवाखान्याच्या म्होरं ट्रॅक्टरचा आवाज. समदं घर आलं. भाकरी, उंडे, खीर, उरलेली आंबील, आन भज्जीचं मोठं पातेलं मातर दिगूनं ट्रॉलीतच लांब ठिवलेलं, वर धोंडा ठिवून. आत येताना कौसानं समद्यांचे हात साबणानं धुवून घेतले, आण्णाचे बी. जिन्याखाली, झाडाच्या सावलीला पंगत बसली. दुसऱ्या पेशंटांचे नातेवाईक बी बसले. येळवशीला उपाशी कसं ठिवायचं कुणाला.

गोदावैनी जेवंना. भिताडाला टेकून बसली. म्या तिच्यापाशी गेले.

"मला वाटलं, लेकरू आपल्यातलं हाय," ती मनली. "त्याचं भांडं निराळं कशाला."

"हाय आपल्यातलं. म्हणून तर धावलो समदे."

"मला ते पेन शिकवा."

म्या काळ्या दोऱ्याचं काढलं. वैनीनं मुठीत धरलं, आंगठा टोकावर ठिवला. म्या आंगठा काढला. परत ठिवला, परत काढला. मंग तिनं आण्णाला बलावलं. आण्णा मनला, "माझ्या धोतरावरनं चालतंय का?"

"चालतंय. मांडीला लागलं म्हंजी झालं."

वैनीनं लावलं. टक. आण्णा असा वरडला की सिस्टर पळत आली. सुई नव्हती, तरी आण्णा मांडी चोळत मनला, "आत गेलं. मला गरम वाटायलंय." हसून हसून कौसाला ठसका लागला. तर बाळू पेन घेऊन तिच्याच मागं. मंग दिगूचा नंबर, मंग कुणाकुणाच्या नातेवाईकांचा, मंग डॉक्टरबी येऊन उभे ऱ्हायले आन मनले, शिका शिका, चांगलं हाय. समदे टक वाजलं की पांडव मोजायचे. वरच्या खिडकीतनं ओवी शाळंतल्या पंतोजीवानी वरडायली, "नकुल ऱ्हायला, परत मोजा."

दिवस मावळताना डॉक्टरनं सोडलं. वापरलेलं पेन आमी घरी नेलं न्हाय, सिस्टरनं सुयांच्या डब्यात टाकलं. लांब, शिवारात, हेंडगे पेटायले. कडब्याची मशाल करून रानाभवती फिरवत्यात, त्याला हेंडगा म्हणत्यात. अंधार पडाय लागला तसे ते हायवेवरनं दिसायले, लाल ठिपके, पळणारे. ओवी माझ्या मांडीवर, ट्रॉलीत. मनली, पुढल्या वर्षी मी पळवणार.

परत

माधुरीनं दारातच पोरीला उचललं आन मंग माझ्या गळ्यात पडली. म्या मनलं, बाळंतीण हायस, दारात उभी ऱ्हाऊ नको. 

लेकानं परत नवं पेन मागवलं.

आन पुढली येळवस आली. मला फोन आला गोदावैनीचा. ती अवसंच्या आधी बांधाबांधानं फिरली व्हती, ज्येंच्या ज्येंच्या रानात आमी खायाला जातो त्या समद्या घरांत. मनली, ऐका, औंदा कुणाच्या भज्जीत शेंगदाणा न्हाय. येका म्हाताऱ्यानं इचारलं, मंग चव कशी यील? वैनी मनली, चव न्हाय आली तर मला शिव्या द्या, मी ऐकून घीन.

आमी गेलो. ओवीचं पातेलं निराळं मांडलंच न्हाय. आण्णानं पळी घातली, गोदावैनीनं घातली, दिगूनं घातली. ओवी सारखी सारखी इचारायली, "ह्यात? ह्यात?" आन वैनी हर येळी, "न्हाय माय, न्हाय," म्हणायची. मंग पोरीनं त्या येकाच भज्जीतलं ताट भरून घेतलं. चंची माझ्या कमरंलाच व्हती, पेनं आतच. ती काढायची न्हाय, भज्जी कशीबी असू दे.

खोटं कशाला लिवू, भज्जी सपक झाली व्हती. तरी समद्यांनी दुसऱ्यांदा घेतली.

आता तुमाला येक मागणं हाय, वाचणाऱ्याला. लेकरू नको मनलं तर आग्रह करू नका, आन त्याच्या भांड्यात पळी घालायच्या आधी त्याच्या माणसाला इचारा. लेकराला टोचायचं पेन तुमच्या घरात असंल तर घरातल्या समद्यांना शिकवा, म्हातारीला बी शिकवा. आन येळ आली तर आमच्यावानी लिंबू, मीठ, आंबील करत बसू नका. आधी पेन द्या, मंग दवाखाना गाठा.